लोहखनिज शोधताना: मॅग्नेटिक मॅपपासून कोअर बॉक्सपर्यंत सारखे विचारले जाणारे प्रश्न

जिओफिजिक्सचा सर्वे आणि ड्रिलिंग या दोन गोष्टींवरून लोक जे जे विचारतात ते एका जागी लिहून ठेवलंय. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच सगळ्यात जास्त घोळ होतो.

मॅग्नेटिक मॅपवर लालभडक पट्टा दिसतोय, म्हणजे तिथे चांगलं लोहखनिज आहे ना?

असेलच असं नाही, आणि कधीकधी तर नेमकं उलट असतं. मॅपवरचा लाल रंग फक्त एवढंच सांगतो की खाली काहीतरी चुंबकीय आहे, बहुतेक वेळा मॅग्नेटाईट. मॅग्नेटाईट हे लोहखनिज आहेच, शुद्ध असेल तर त्यात ७२.४ टक्के लोह असतं, पण जमिनीखाली ते बहुतेक वेळा गारगोटीच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या थरांबरोबर आलटून पालटून असतं. हा पट्टेदार खडक म्हणजे बीआयएफ (बँडेड आयर्न फॉर्मेशन), फील्डवर कोणी बीएमक्यू म्हणतं कोणी बीएचक्यू, आत काय जास्त आहे त्यावर (एम म्हणजे मॅग्नेटाईट, एच म्हणजे हेमॅटाईट, हे लोहाचंच दुसरं खनिज). त्यात एकूण लोह साधारण २५ ते ३५ टक्के. म्हणजे मॅप पेटल्यासारखा दिसतो आणि खडक मात्र तसाच्या तसा भट्टीत टाकायच्या लायकीचा नसतो, तो आधी बारीक दळून चुंबकाने वेगळा काढावा लागतो.

गंमत पुढे आहे. हाच बीआयएफ लाखो वर्षं पाण्याने धुतला गेला की सिलिका निघून जाते, मॅग्नेटाईटचं हेमॅटाईट होतं (स्फटिकाचा आकार मॅग्नेटाईटचाच राहतो, याला मार्टाईट म्हणतात) आणि लोह ६० टक्क्यांच्या वर जातं. पण हेमॅटाईट मॅग्नेटाईटच्या मानाने फारच कमी चुंबकीय. त्यामुळे जिथे खरा माल तयार झालाय तिथे मॅग्नेटिक सिग्नल पडतो! लांबच लांब लाल पट्टा चाललाय आणि मध्येच दोनशे-तीनशे मीटर निळा पडलाय, तर अनुभवी माणूस आधी त्या निळ्या भागाकडे बोट दाखवतो. अर्थात तो निळा भाग म्हणजे नुसता फॉल्ट (खडक तुटून सरकलेली जागा) असू शकतो, डाईक (भेगेत घुसून गोठलेला लाव्हा) आडवा गेलेला असू शकतो, थर घडी पडून खाली गेलेला असू शकतो, म्हणून बोट दाखवायचं, उड्या नाही मारायच्या.

मग हेमॅटाईट शोधायला काय वापरायचं?

ग्रॅव्हिटी. हेमॅटाईटची घनता (पाण्याची १ धरून) ५.२ च्या वर, क्वार्ट्झची २.६५, साधारण खडकांची २.७ च्या आसपास. खाली जड वस्तू असेल तर तिथे गुरुत्वाकर्षण अगदी किंचित वाढतं. किती किंचित ते बघा: ५० मीटर जाडीचा पसरट थर धरा, आजूबाजूच्या खडकापेक्षा घनता १ ने जास्त, तर फरक पडतो साधारण २.१ मिलिगलचा (गुरुत्वाकर्षण मोजायचं एकक). पृथ्वीचं एकूण गुरुत्वाकर्षण सुमारे ९,८०,००० मिलिगल. म्हणजे दहा लाखात दोन भाग. मशीन हे आरामात मोजतं, प्रॉब्लेम मशीनचा नसतोच, प्रॉब्लेम उंचीचा असतो. १ मीटर वर गेलात की ०.३ मिलिगल कमी होतं, त्यामुळे प्रत्येक स्टेशनची उंची सेंटिमीटरमध्ये पाहिजे, म्हणजे चांगला डीजीपीएस पाहिजे, हातातला साधा जीपीएस इथे बाद. आणि लोहखनिज सहसा डोंगराच्या माथ्यावर नाहीतर कड्याला असतं, शेजारची दरी आणि शेजारचा डोंगर दोघंही रीडिंग बिघडवतात, त्याचं टेरेन करेक्शन (चढ-उताराचा परिणाम वजा करणं) नीट केलं नाही तर तुम्ही डोंगराचाच नकाशा काढून आणता.

अजून एक अडचण आहे जी रिपोर्टात कोणी लिहीत नाही. धुतला गेलेला माल पोकळ असतो, सच्छिद्र. ताज्या बीआयएफची घनता ३.३ च्या आसपास असते आणि भुसभुशीत खनिजाची ३ पर्यंत खाली येऊ शकते, मग काय फरक दिसणार? ग्रॅव्हिटी घट्ट, टणक हेमॅटाईटला छान चालते, पावडरसारख्या मालाला फसवते.

सर्वेच्या आधी जमिनीवर काय बघायचं?

पाय आधी. फ्लोट म्हणजे उतारावर सांडलेले जड तुकडे, त्यांचा माग वर वर काढत जायचा. माथ्यावर लोहाची कडक टोपी बसलेली असते, तिथे झाडं नीट वाढत नाहीत. ब्राझीलमधल्या काराजासची गोष्ट हीच आहे, १९६७ साली मँगनीज शोधणाऱ्या टीमचं हेलिकॉप्टर घनदाट जंगलात एका मोकळ्या टेकडीवर उतरलं, कारण उतरायला दुसरी जागाच नव्हती, आणि ती जागा मोकळी होती कारण खाली लोहखनिज होतं. तेव्हा सॅटेलाईट फोटोवर उगाच उघडे दिसणारे माथे सोडू नका. पण टोपी बघून खालच्या मालाचा अंदाज बांधू नका, टोपीतलं लोह पाण्याने इकडून तिकडून आणून जमवलेलं असू शकतं आणि तिच्याखाली दहा मीटरवर नुसती माती लागू शकते.

आणि हो, होकायंत्र. मॅग्नेटाईटच्या डोंगरावर त्यावर थराची दिशा मोजू नका, सुई भलतीकडेच बघते. रशियातल्या कुर्स्कला १७७३ साली प्योत्र इनोखोदत्सेव या खगोलशास्त्रज्ञाला सुईचा असाच वेडेपणा दिसला होता. तिथे बोअरने खालच्या लोहयुक्त क्वार्ट्झाईटला हात लावला १९२३ साली. सिग्नल दिसण्यात आणि खडक हातात येण्यात तिथे दीडशे वर्षं गेली.

ग्राउंड मॅग्नेटिक सर्वे प्रत्यक्षात कसा करतात?

थराच्या लांबीला आडव्या लाईनी आखायच्या, लाईनीतलं अंतर ५० ते १०० मीटर, आणि एक माणूस मॅग्नेटोमीटर घेऊन चालत सुटतो. प्रोटॉन टाईपचं असेल तर दर पाच-दहा मीटरला थांबून रीडिंग, सीझियमचं असेल तर चालता चालता सेकंदाला दहा. पृथ्वीचं फील्ड जागेप्रमाणे २५,००० ते ६५,००० नॅनोटेस्ला, आणि चांगल्या मॅग्नेटाईट बीआयएफवर त्यात हजारो नॅनोटेस्लाचा फरक पडतो, त्यामुळे सिग्नल शोधावा लागत नाही, तो अंगावर येतो.

मोजणाऱ्याच्या अंगावर लोखंड नको: किल्ल्या, बेल्टचं बक्कल, मोबाईल, पुढे स्टील असलेले बूट, सगळं काढून ठेवायचं. दिवसभरात फील्ड आपोआप काही दहा नॅनोटेस्ला वरखाली होतं, सूर्यावर वादळ असेल तर शेकड्यांनी, म्हणून एक दुसरं मशीन एका जागी उभं करून ठेवतात, बेस स्टेशन, आणि त्याचा फरक नंतर वजा करतात. आमच्या एका सर्वेत ड्रायव्हरने दुपारी सावली बघून जीप नेमकी बेस स्टेशनशेजारच्या झाडाखाली लावली आणि दोन तास झोपला. संध्याकाळी डेटात दोन तासांची सरळ पायरी, सगळ्या लाईनी पुन्हा. तेव्हापासून बेस स्टेशनभोवती दोरी बांधतो.

विमानाने किंवा ड्रोनने केलं तर चालतं का?

चालतं, मोठ्या एरियाला तेच परवडतं. विमानाच्या लाईनी साधारण १०० ते २०० मीटरवर, उंची ५० ते १०० मीटर. लक्षात ठेवायचं ते एवढंच की अंतर वाढलं की सिग्नल झपाट्याने मरतो, छोट्या गोळ्यासारख्या वस्तूचा तर अंतराच्या घनाप्रमाणे, म्हणजे अंतर दुप्पट केलं की सिग्नल आठपट कमी. वरून उडवलं की शेजारशेजारचे दोन थर एकच दिसतात. ड्रोन खाली उडतो, चढ-उताराच्या जागी माणसापेक्षा बरा, फक्त सेन्सर ड्रोनच्या मोटरींपासून लांब टांगावा लागतो. विमानातून ग्रॅव्हिटीचा ग्रेडियंटही (जागेप्रमाणे ती किती वेगाने बदलते ते) मोजता येतो, बीएचपी या खाण कंपनीची फाल्कन सिस्टिम १९९९ साली पहिल्यांदा उडाली.

आमच्याकडे थरावर पॉझिटिव्हऐवजी निगेटिव्ह दिसतंय. मशीन बिघडलंय का?

बहुतेक नाही. तुम्ही चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ असाल. ध्रुवाजवळ फील्ड उभं असतं म्हणून वस्तूच्या डोक्यावर उंचवटा येतो, विषुववृत्ताजवळ फील्ड आडवं म्हणून डोक्यावर खड्डा आणि उत्तर-दक्षिण बाजूंना छोटे उंचवटे. त्याहून बेकार गोष्ट म्हणजे तिथे उत्तर-दक्षिण पसरलेला पातळ थर जवळजवळ दिसतच नाही, फक्त त्याची टोकं दिसतात, कारण तो लांबीच्या दिशेने मॅग्नेटाईझ होतो. पूर्व-पश्चिम थर मात्र मस्त दिसतो. सॉफ्टवेअरमध्ये रिडक्शन टू पोल (मॅप ध्रुवावर मोजल्यासारखा करून देणारं) नावाचं बटण असतं ते दाबून लोक मोकळे होतात, पण कमी अक्षांशावर तेच बटण उत्तर-दक्षिण रेघोट्या तयार करतं आणि मग त्या रेघोट्यांवर ड्रिलिंग प्रपोज होतं. अशा ठिकाणी मी ॲनॅलिटिक सिग्नल (फील्डच्या दिशेवर फारसा न अवलंबणारा हिशेब) बघतो आणि मॉडेलिंग करतो. बीआयएफमध्ये जुन्या काळातलं गोठलेलं मॅग्नेटायझेशनही असतं, ते आजच्या फील्डच्या दिशेत असेलच असं नाही, त्यामुळे मॉडेलमधून आलेला उतार म्हणजे देववाणी समजू नका.

मोबाईलमधल्या कंपास ॲपने काम होईल का?

मॅग्नेटाईटच्या उघड्या खडकावर सुई नाचताना दिसेल, मजा वाटेल. सर्वे होणार नाही. फोनचा सेन्सर मायक्रोटेस्लात बोलतो, १ मायक्रोटेस्ला म्हणजे १,००० नॅनोटेस्ला, आणि फोनच्या आतलंच लोखंड त्याला गोंधळवतं.

आयपी, रेझिस्टिव्हिटी, सिस्मिक?

या जमिनीत वीज सोडून किंवा धक्का देऊन मोजायच्या पद्धती, लोहखनिजात सगळ्या मागच्या बाकावर. रेझिस्टिव्हिटी (खडक विजेला किती अडवतो ते) वरच्या मातीची किंवा लॅटेराईटची जाडी काढायला आणि पाणी कुठे आहे ते बघायला कामाची. जुन्या नदीपात्रात साचलेलं खनिज असेल तर पात्राचा तळ शोधायलाही होते.

सरळ ड्रिलच करा ना, सर्वेवर वेळ कशाला घालवायचा?

हा प्रश्न पैसे देणारे विचारतात. सर्वेचं खरं काम कुठे ड्रिल करायचं नाही ते सांगणं. दहा चौरस किलोमीटरमधून अर्धा चौरस किलोमीटर उरवला की रिग बोलवायची. पण उलटा प्रश्नही तितकाच येतो, की सर्वे एवढा भारी झालाय तर ड्रिल कशाला. कारण मॅग्नेटिक काय किंवा ग्रॅव्हिटी काय, एकाच रीडिंगला बसणाऱ्या आकृत्या असंख्य असतात. उथळ आणि रुंद, किंवा खोल आणि जाड, वरून सारखंच दिसू शकतं. लोह किती, सिलिका किती, फॉस्फरस किती, हे वरून कोणताच सेन्सर सांगत नाही. त्यासाठी तुकडा हातात लागतो.

आरसी करायचं की कोअर?

दोन्ही, पण कामं वेगळी. आरसी (रिव्हर्स सर्क्युलेशन) म्हणजे हवेच्या दाबाने खडकाचा चुरा आतल्या पाईपमधून वर येतो, सायक्लोनमध्ये जमतो, दर मीटरला एक पिशवी. जलद, दिवसाला शंभर-दीडशे मीटर सहज. कोअर ड्रिलिंगमध्ये हिऱ्याच्या बिटने अख्खी दांडी कापून काढतात, एनक्यू साईझला ४७.६ मिमी, एचक्यूला ६३.५, पीक्यूला ८५. हळू आणि महाग, पण थराचा कोन दिसतो, भेगा दिसतात, घनता मोजता येते, दळून बघायला नमुना मिळतो. ग्रिड भरायला आरसी, आणि मध्ये मध्ये कोअर. काही कोअर होल मुद्दाम आरसी होलच्या अगदी शेजारी मारायचे, म्हणजे आरसी खोटं बोलतंय का ते कळतं. आरसीत खाली पाणी लागलं आणि चुरा ओला यायला लागला की मी शक्यतो तिथेच थांबवतो, ओला चिकट चुरा स्प्लिटरमध्ये (नमुना वाटून घ्यायच्या यंत्रात) अडकतो आणि वरच्या मीटरचा माल खालच्या पिशवीत जातो.

कोअर रिकव्हरीवरून जिओलॉजिस्ट ड्रिलरशी एवढे का भांडतात?

रिकव्हरी म्हणजे ड्रिल केलेल्या लांबीपैकी किती कोअर हाती आला ते, आणि सगळा खोटेपणा तिथूनच सुरू होतो. ब्लू डस्ट नावाचा माल असतो, जवळपास शुद्ध हेमॅटाईटची निळसर पावडर. ड्रिलिंगच्या पाण्याने ती धुतली जाते आणि बॉक्समध्ये येतात मधले टणक सिलिकाचे पट्टे. लॅबला तेच जातं, रिपोर्टात लोह कमी, आणि चांगला एरिया फुकट सोडून दिला जातो. आता उलटं बघा: टणक हेमॅटाईटच्या मध्ये मऊ मातीचे थर, पाणी माती घेऊन गेलं, बॉक्समध्ये नुसतं हेमॅटाईट, लोह जास्त, ॲल्युमिना कमी, सगळे खूश, आणि पुढे खाणीत माती निघते. दोन्ही वेळा लॅबची चूक शून्य. १ मीटर ड्रिल करून ५० सेंटिमीटर कोअर आला असेल तर तुमच्याकडे अर्ध्याच मीटरची माहिती आहे, आणि तो अर्धा मीटर सरासरी नसतो, टिकून राहिलेला असतो.

उपाय आहेत. ट्रिपल ट्यूब (कोअर सांभाळणारी आतली जादा नळी), मोठा साईझ, पाणी कमी आणि चांगला मड (पाण्याऐवजी वापरायचं घट्ट द्रावण), छोटे रन म्हणजे एका वेळी तीन मीटरऐवजी एक किंवा अर्धा मीटर. ड्रिलरला मीटरवर पैसे मिळत असतील तर तो घाई करणारच, त्याचा काय दोष, म्हणून काँट्रॅक्टमध्येच रिकव्हरीची अट टाकायची.

होल उभा मारायचा की तिरका?

थर जितका काटकोनात कापला जाईल तितकं बरं. थर ६० अंशांनी कललेला असेल आणि तुम्ही उभा होल मारून ४० मीटर खनिज मोजलंत, तर थराची खरी जाडी फक्त २० मीटर. ४० मीटरवर पेढे वाटून झालेले लोक मी पाहिलेत. बीआयएफ बऱ्याचदा घड्या पडलेला असतो, मग घडीच्या एका बाजूने होल खालीच खाली थराच्या आतून जात राहतो आणि संपतच नाही, अशा वेळी आनंद न मानता शेजारी उलट्या दिशेने एक होल मारावा.

होल सरळ जातो का?

नाही, वळतो. शंभर मीटरच्या पुढे तर बघायलाच हवं. साधं डाऊनहोल सर्वेचं यंत्र दिशेसाठी होकायंत्रावर चालतं, आणि मॅग्नेटाईटच्या आत त्याचं काय होणार ते वर सांगितलंच. म्हणून जायरो, म्हणजे चुंबकाशिवाय दिशा सांगणारं यंत्र लागतो. जायरो न वापरलेल्या जुन्या होलांचा डेटा मिळाला तर खोल भागातली दिशा मी सरळ संशयित धरतो. होल उघडा आहे तोवर गॅमा (खडकातले किरण), घनता आणि मॅग्नेटिक ससेप्टिबिलिटी (खडक किती चुंबकीय आहे ते) यांचं लॉगिंगही, म्हणजे होलात यंत्र सोडून मोजणी, करून घ्या. शेलचे पातळ पट्टे गॅमात छान दिसतात आणि एका होलातून दुसऱ्यात जुळवता येतात.

होलांमध्ये अंतर किती?

सुरुवातीला ४०० किंवा २०० मीटर, मग १००, मग ५०. एकसारखा पसरलेला थर असेल तर कमी होलांत भागतं, तुटका-फुटका असेल तर ५० मीटरही जास्त. इन्फर्ड, इंडिकेटेड, मेजर्ड ही साठ्याच्या खात्रीची चढती नावं यावरच ठरतात, पण साठा जाहीर करायच्या कुठल्याही कोडमध्ये (नियमावलीत) अमुक मीटरला अमुक दर्जा असं सगळ्यांना लागू होणारं सूत्र नाही, किती खात्रीने दोन होल जोडता येतात यावर ते आहे.

लॅबमध्ये नुसतं लोह बघायचं का?

नुसतं लोह बघून निर्णय घेणारे लोक फसतात. नमुना वितळवून काचेसारखी टिकली करून एक्सआरएफ या एक्स-रे मशीनवर लोह, सिलिका, ॲल्युमिना, फॉस्फरस, सल्फर, मँगनीज, टायटॅनियम सगळं निघतं, आणि वेगळं एलओआय, म्हणजे तापवल्यावर किती वजन उडून जातं ते. गोएथाईट हे लोहखनिज असेल तर आत पाणी असतं, एलओआय १० च्या आसपास. मग ५७ टक्के लोह वाईट वाटतं, पण ते पाणी भट्टीत उडून गेल्यावर ५७ भागिले ९०, म्हणजे ६३.३ टक्के होतं. फॉस्फरस मात्र असा सहज उडत नाही. मॅग्नेटाईट असेल तर डेव्हिस ट्यूब टेस्ट करा: दळलेला नमुना चुंबकात धरून किती माल चिकटतो आणि त्यात सिलिका किती. तिथे खडकातल्या एकूण लोहाच्या आकड्याला फारसा अर्थ नाही.

आणि लॅब तपासायला पिशव्यांमध्ये गुपचूप ब्लँक (लोह नसलेले), डुप्लिकेट आणि माहीत असलेल्या ग्रेडचे नमुने घालत जा.

एवढं करून टनेज का चुकतं?

घनतेमुळे. लांबी १,००० मीटर, रुंदी २००, जाडी ३०, म्हणजे ६० लाख घनमीटर. घनता ३.८ धरली तर २.२८ कोटी टन, ३.२ धरली तर १.९२ कोटी टन. एका दशांशाच्या आकड्यात ३६ लाख टन गेले. आणि घनता मोजायला लोक कुठला तुकडा निवडतात? हातात धरता येणारा, म्हणजे टणक, म्हणजे जड. भुसभुशीत भागाची घनता कोणी मोजतच नाही. मेण लावून पाण्यात वजन करा, पावडरसाठी खड्डा खणून त्याचं आकारमान आणि मालाचं वजन मोजा, किंवा डाऊनहोल गॅमा-गॅमा लॉग (होलात यंत्र सोडून किरणांनी घनता मोजणं) घ्या आणि कोअरशी ताडून बघा.

पहिल्या तीन होलांत काहीच लागलं नाही. सोडून द्यायचं का?

आधी बघा की जो सिग्नल बघून होल मारला तो होलात सापडला का. मॅग्नेटिक उंचवट्यावर होल मारला आणि खाली मॅग्नेटाईट नाही, गॅब्रो (काळा अग्निज खडक, तोही चुंबकीय असू शकतो) नाही, चुंबकीय काहीच नाही, तर तुमचा होल टार्गेट चुकलाय, टार्गेट वाईट ठरलेलं नाही. साध्या हातातल्या ससेप्टिबिलिटी मीटरने अख्खा कोअर दर मीटरला मोजा, एका दिवसाचं काम. ते आकडे मॉडेलमध्ये टाकून वरचं रीडिंग परत तयार होतंय का बघा. होत असेल तर सिग्नलचा हिशेब लागला आणि खडक कमी ग्रेडचा आहे, मग सोडा. होत नसेल तर कारण अजून खालीच आहे कुठेतरी, बाजूला किंवा खोल.

काम संपल्यावर कोअरचे बॉक्स किती दिवस सांभाळायचे?

शेड गळायला लागेपर्यंत, आणि गळायला लागली तर शेड दुरुस्त करा. अर्धा कोअर लॅबला गेला तरी अर्धा बॉक्समध्ये राहतो, त्याचे ओला करून आणि कोरडे असे दोन्ही फोटो काढा, बॉक्सवर नंबर मार्करने लिहू नका, ठोकलेली ॲल्युमिनियमची पट्टी लावा, मार्कर दोन पावसाळ्यांत उडतो. पुढे कधीतरी कोणीतरी येऊन विचारतं की फॉस्फरस नेमका कोणत्या खनिजात बसलाय, आणि तेव्हा बॉक्स नसतील तर तोच होल परत मारावा लागतो. आणि होलाचं तोंड सिमेंटने बंद करून वर नंबर कोरलेला दगड ठेवा, गुरं पाय अडकून पडतात आणि पुढच्या सर्वेवाल्याला होल सापडतही नाही.